रानडुकरं, परवानगी आणि आमचा हरभरा

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आईबाबा गावी. गाव चंद्रपूर जिल्ह्यात. तालुका मुद्दाम लिहीत नाही, कारण बाबांना परवा पुन्हा त्याच रेंज ऑफिसात जायचंय.

गेल्या मंगळवारी रात्री डुकरांनी आमच्या तीन एकर हरभऱ्यातला जवळपास अर्धा एकर नांगरून काढला. नांगरून हा शब्द उगाच वापरत नाहीये. बाबांनी फोटो पाठवलाय. घाटे भरलेली झाडं मुळासकट उलटी पडलीत आणि मधून लांबच लांब चर गेलाय. चर किती खोल ते कळावं म्हणून बाबांनी त्यात स्वतःची चप्पल उभी करून ठेवली होती. ती अर्धीच दिसते.

बाबा सत्तरीला टेकलेत, तरी अजून जागलीला जातात. भुईमूग आम्ही सात वर्षांपूर्वी सोडला, ज्वारी त्याच्याही आधी. आता हरभरा सोडायची पाळी आली आहे.

केरळने २०२२ साली पंचायत अध्यक्षांनाच रानडुक्कर मारायची परवानगी देण्याचे अधिकार दिले. परवानाधारक बंदूकवाल्याला बोलवायचं, काम करून घ्यायचं, मेलेलं जनावर पुरायचं. विष, स्फोटकं, करंट मात्र चालत नाही. आपल्याकडे असं का नको? माझं मत सरळ आहे: डुकराच्या बाबतीत सरकारने हात सैल करावा आणि परवानगी ग्रामसभेकडे द्यावी. वाघ-बिबट्याबद्दल मी बोलत नाहीये, कृपया धागा तिकडे नेऊ नका.

हळदीकुंकू

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर.

खवचट_काका

बिबट्याकडे नेऊ नका म्हणालात ना? आता चौथ्या प्रतिसादाला बिबट्या येतो की नाही बघा.

सईबाई

वर्धाकाठ, तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं, पण मताशी असहमत. जंगल आपण खाल्लं, मग ती बिचारी जाणार कुठे? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला नसता तर आज माळढोकासारखी सगळीच मोजायला सोपी झाली असती. एकदा डुकराला सूट दिली की उद्या रोही (नीलगाय), परवा माकड, तेरवा मोर. शिवाय डुक्कर हे वाघाचं खाद्य आहे. ते संपवलंत तर वाघ तुमच्या गोठ्यात येईल.

वर्धाकाठ

सईताई, वाघाच्या खाद्याचा मुद्दा मान्य. पण ही डुकरं जंगलातली नाहीत हो. जंगल आमच्यापासून नऊ किलोमीटरवर आहे. ही गावच्या नाल्यात वेड्या बाभळीत राहतात, तिथंच पिल्लं घालतात. संध्याकाळी सात वाजता निघतात, पहाटे परत जातात. माझ्या शिफ्टपेक्षा वक्तशीर. त्यांच्या दोन-चार पिढ्यांनी सागाचं झाड पाहिलेलं नसेल.

निवृत्त_वनपाल

खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून चार गोष्टी सांगतो. राग मानू नये.

पहिली म्हणजे, डुक्कर मारायला कायद्याने बंदी आहे हा गैरसमज आहे. त्याच १९७२ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये तरतूद पहिल्यापासून आहे. अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्याला मारायचं तर माणसाच्या जिवाला धोका हवा, निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकाचा, आणि पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही याची खात्री हवी. बाकीच्यांना मात्र मालमत्तेच्या नुकसानीसाठीही परवानगी देता येते, आणि त्यात उभं पीक हे शब्द स्पष्ट लिहिलेत. डुक्कर आधी अनुसूची ३ मध्ये होतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहाच्या चार अनुसूच्या झाल्या, तेव्हापासून ते २ मध्ये आहे. ही परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाने अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. केरळने तेव्हा नवा कायदा केला नाही, पंचायत अध्यक्षाला त्या खुर्चीत बसवलं इतकंच.

आता खरी अडचण सांगतो. माझ्या कारकिर्दीत मी परवानगीचे कागद बरेच पाहिले, पडलेली डुकरं फार थोडी. शेतकऱ्याकडे बंदूक नसते. ज्याच्याकडे असते तो रात्री दोन वाजता तुरीत शिरायला तयार नसतो. तुरीत दहा फुटांवरचं दिसत नाही, आणि पलीकडे शेजारी जागलीला बसलेला असतो. एकदा बंदूकवाला आला, रात्रभर बसला, आम्ही त्याला दोन वेळा चहा नि एकदा पिठलं-भाकरी दिली, डुक्कर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं.

दुसरा मार्ग कलम ६२. केंद्राने ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी एखादा प्राणी उपद्रवी म्हणून जाहीर करायचा. बिहारमध्ये रोही आणि डुक्कर, उत्तराखंडात डुक्कर, शिमल्यात माकड असं झालं होतं. २०१६ च्या जूनमध्ये त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर एकाच मंत्रिमंडळात असून जाहीरपणे भांडले. त्या भांडणात आपल्या चंद्रपूरच्या ५३ मारलेल्या डुकरांचाही उल्लेख झाला होता. केरळनेही हे कलम मागितलं, केंद्राने दिलं नाही.

जुन्नरी_कांदा

तुमचं डुक्कर बरं. आमच्याकडं उसात बिबट्या जन्मतो, उसातच वाढतो. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र भरून वाहतंय. पोरं शाळेत जायची तर मागं-पुढं काठीवाला माणूस लागतो. आधी बिबट्याला अनुसूची १ मधून काढा, मग डुकराचं बघू.

खवचट_काका

दोन प्रतिसाद उशीर झाला. वय झालं आता, अंदाज चुकतात.

झटका_मशीन

मी दारव्ह्याकडचा, शेती करतो. आमच्याकडं आजवर काय काय करून झालं ते ऐका बाप्पा. बायकोच्या जुन्या साड्या शेताभोवती बांधल्या. सलूनमधून केस आणून टाकले, वासानं येत नाही म्हणतात. पंधरा दिवस आली नाहीत, मग केसांवरून चालत आली. भोंगा लावला, त्यात कुत्र्याचं भुंकणं रेकॉर्ड केलेलं. डुकरांचं माहीत नाही, गावातली खरी कुत्री रात्रभर त्याला उत्तर देत बसली. शेवटी सोलरचं झटका मशीन घेतलं. चालतं. पण तारेखालचं गवत सतत काढावं लागतं, नाहीतर झटका जमिनीत उतरतो. आणि मी लावलं की डुकरं शेजाऱ्याकडं जातात. त्यानं लावलं की पलीकडच्याकडं. शेवटचा शेतकरी ज्याच्याकडं पैसे नाहीत तो.

ज्याच्याकडं पैसे नाहीत तो काय करतो ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. तो खांबावर आकडा टाकतो आणि जीआय तार जमिनीपासून वीतभर उंचीवर सोडतो. आमच्या शिवारात चार वर्षांपूर्वी असंच झालं. आमची लाईट तेव्हा रात्रपाळीची होती, बारानंतर. पोरगं पहाटे गव्हाचं पाणी मोडायला चाललं होतं, हातात फावडं आणि मोबाईलची बॅटरी. तार शेजाऱ्याची होती. ज्यानं लावली तो त्याचा सख्खा चुलता. आता एक घर मसणात आणि एक जेलात. दोघांची भिंत एकच आहे.

अशाच तारेला चिकटून वाघही मरतात, त्यांची बातमी मोठी होते. कायदा कडक आहे म्हणून डुक्कर मरत नाही असं कुणी समजू नका. मरते, पण अशी मरते.

हळदीकुंकू

झटकाभाऊ, हे वाचून काही लिहायला सुचेना. संध्याकाळचं सविस्तर राहू द्या.

कोकणकडा

आमच्याकडे तारेच्या जागी फासकी. डुकरासाठी लावतात, बिबट्या कमरेत अडकतो. मग वनखातं, पिंजरा, पत्रकार, आणि फासकी कुणाची हे वाडीतल्या कुणालाच माहीत नसतं.

बंदुकीचं मात्र आमच्याकडे वेगळं आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या बंदुका कोकणात बऱ्याच. आजोबांची ठासणीची होती, माझ्याकडे बारा बोअर आहे. पण निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करा. लोकसभा, विधानसभा, झेडपी, ग्रामपंचायत. सूट मागता येते, त्यालाही अर्ज नि हेलपाटे. ऐन भात पिकायच्या दिवसांत माझी बंदूक ठाण्यात आणि मी माळ्यावर पत्र्याचा डबा बडवत बसलेला. डुकरांना आचारसंहिता लागू नाही.

खवचट_काका

डबा बडवायलाही आवाजाची मर्यादा असते म्हणे. दहानंतर बंद.

गोंयकार_बाब

सईबाईंनी मोर म्हटला म्हणून आठवलं. आमच्या गोव्यात २०१६ साली तेव्हाचे कृषिमंत्री मोरालाही उपद्रवी ठरवायचा विचार बोलून दाखवून बसले होते. राष्ट्रीय पक्षी! केवढा गदारोळ झाला.

त्याच वर्षीची दुसरी गंमत मोठी. सरकारने झाडांच्या कायद्यात दुरुस्ती करून माडाला झाडांतून काढून टाकलं. म्हणजे माड हे झाड नव्हे, तोडायला वनखात्याची परवानगी नको. कारण काय सांगितलं, म्हातारे माड तोडायला शेतकऱ्याला त्रास होतो. त्रास होतो हे खरंच. पण लोकांनी विचारलं, बाबा, माड तोडून मोकळी झालेली जमीन मग कोणाची होते? २०१७ मध्ये नव्या सरकारने माडाला परत झाड केलं, वर राज्यवृक्षही केलं. आमच्या आयचं म्हणणं, माडाला या सगळ्याचा पत्ता नाही, तो आपला नारळ देतोय.

बांबूवाला

हाहा. बांबूचं उलटं. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड म्हटलं. वनस्पतीशास्त्रात तो गवत. ते गवत आहे हे सरकारला कळायला ९० वर्षं लागली. २०१७ च्या शेवटी वटहुकूम निघाला आणि वनाबाहेरचा बांबू तोडायला, न्यायला वाहतूक पास लागेनासा झाला. मी त्यानंतरच लावला. त्याआधी स्वतःच्या बांधावरचा बांबू ट्रॉलीत घालून नेताना चोरी करतोय असं वाटायचं. नियम सैल केले की सत्यानाश होतो असं म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं. इथं नियम सैल झाल्याने लागवड वाढायला मदत झाली, कारण तोडता येणार नाही ते कोण लावेल? साग बघा. स्वतःच्या सातबाऱ्यावर नोंदवलेला साग तोडायचा तर अर्ज, पाहणी, मोजणी, पास. वडिलांनी लावलेला मी तोडेन की माझा मुलगा, कुणास ठाऊक.

कोकणकडा

बांबूवाले, इथं थोडं थांबा. आमच्या बाजूला खासगी डोंगर आहेत. ठेकेदार येतो, एका हंगामाचं रान उक्तं घेतो, आणि मे महिन्यापर्यंत डोंगर हजामत केल्यासारखा. लाकूड भट्ट्यांना जातं. मालक मुंबईला, त्याला पंचवीस-तीस हजार मिळाले की खूश. पावसाळ्यात माती खाली आमच्या भातात. परवानगी कागदावर असतानाच हे चाललंय, परवानगीच गेली तर काय राहील? लागवडीचा बांबू आणि आपोआप आलेलं रान एका मापाने मोजू नका.

बांबूवाला

मान्य. मी लावलेल्याबद्दलच बोलत होतो.

धानोऱ्याकडून

बांबूचं नाव निघालं आणि मेंढा (लेखा) अजून कुणी लिहिलं नाही याचं नवल वाटलं. आमच्याच, गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जवळपास १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायची वेळ आली तेव्हा खातं म्हणालं, बांबू म्हणजे झाड, म्हणजे लाकूड, तुमच्या हक्कात बसत नाही. तोच बांबू पेपर मिलला वर्षानुवर्षं जात होता तेव्हा कुणाला अडचण नव्हती. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते, आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. देवाजी तोफांचं गाव ते. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली.

आणि तुमच्याच चंद्रपुरातलं पाचगाव बघा, गोंडपिपरी तालुक्यातलं. त्यांना २०१२ मध्ये हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे आमच्या भागात रोख पैसा. ग्रामसभेने ठरवलं की तो तोडायचाच नाही, कारण त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात. हा नियम सरकारने नाही घातला. सरकारचा नियम हटल्यावर गावाने स्वतःचा अधिक कडक घातला.

म्हणून वर्धाकाठ, ग्रामसभेला अधिकार द्या हे मला पटतं, पण तुम्ही फक्त डुक्कर मारायचा अधिकार मागताय. मेंढ्यातली ग्रामसभा एक दिवसात तयार झाली नाही. त्यांचा अभ्यासगट आधी वर्षानुवर्षं बसायचा, निर्णय सर्वांच्या सहमतीने. तुमच्या गावची ग्रामसभा कोरम भरून होते का, ते आधी सांगा.

वर्धाकाठ

प्रामाणिक उत्तर: नाही. सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. बाबांची सही आईने केलेली मी पाहिलीय.

म्युनिक_मावशी

इथं बव्हेरियात गावातल्या शेतजमिनीच्या मालकांची कायद्यानेच एक शिकार-सोसायटी असते. सदस्यत्व सक्तीचं, नको म्हणून सुटका सहजी नाही. सोसायटी शिकारीचा हक्क भाडेपट्ट्याने देते, भाडं शेतकऱ्यांना. आणि गंमत म्हणजे डुकरांनी मका उकरला तर बहुतेक करारांत भरपाई त्या शिकाऱ्याने द्यायची असते! त्यामुळे तो मुकाट्याने रात्री मचाणावर बसतो. परवान्याची परीक्षा एवढी अवघड की तिला ‘हिरवी बारावी’ म्हणतात. देशभरात एका हंगामात आठ लाखांहून अधिक डुकरं मारल्याची नोंद आहे, तरी डुकरं आहेतच.

मांस विकतात, लोक आवडीने खातात. फक्त आमच्या भागात ते किरणोत्सारासाठी तपासावं लागतं. १९८६ च्या चेर्नोबिलचं सीझियम अजून जंगलातल्या मातीत नि अळंब्यांत आहे, डुकरं ती उकरून खातात. किलोला ६०० बेकरेलच्या वर गेलं की फेकून द्यायचं.

पांढरा_रस्सा

मावशी, आता मूळ मुद्दा. इकडे मारलेलं खाता येतं का?

निवृत्त_वनपाल

नाही. कलम ३९. कलम ११ खाली मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. पंचनामा करून विल्हेवाट. एकदा पंचनामा लिहीपर्यंत मागची तंगडी गायब झाली होती. मी डुक्कर तीन पायांचं लिहिलं नाही, पण लिहिताना हात अडखळला.

खवचट_काका

म्हणजे नुकसान शेतकऱ्याचं, डुक्कर सरकारचं.

वाटसरू_वकील

सगळे डुक्कर-डुक्कर करताय, पण मोठं सैलीकरण भलतीकडेच झालंय. २०२३ मध्ये १९८० च्या वनसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या सरळरेषी प्रकल्पांना सूट, आणि कागदोपत्री वन म्हणून न नोंदलेल्या जंगलांबद्दल शंका. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला १९ फेब्रुवारी २०२४ ला सांगावं लागलं की तूर्तास १९९६ च्या निकालातलीच वनाची व्याख्या पाळा. रस्त्याला, खाणीला जंगल हवं तेव्हा फाईल पळते. माणसाला अर्ध्या एकराची भरपाई हवी तेव्हा ती चालत येते.

धानोऱ्याकडून

+१. आमच्या गडचिरोलीतल्या सुरजागड लोहखाणीच्या पायथ्याच्या ग्रामसभांना विचारा.

संपादक_मंडळ

बिबट्या, खाण आणि चेर्नोबिलसाठी वेगळे धागे काढावेत ही विनंती. रस्सा-पाककृती इथे नको.

सईबाई

परत आले. झटका_मशीन यांचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला. माझ्या डोक्यात कायदा म्हणजे भिंत, आणि भिंतीच्या आत प्राणी सुखरूप, असं काहीतरी होतं. तारेचं माहीत होतं, पण ते मी ‘शिकारी’ या खात्यात टाकलं होतं.

तरी माझे प्रश्न आहेत. ग्रामसभेने परवानगी दिली तर किती मारली हे कोण मोजणार? पिल्लं सोबत असलेली मादी सोडणार का? आणि बाहेरून हौशी शिकारी जीप घेऊन येणार नाहीत कशावरून? मावशींच्या गावात शिकाऱ्यावर भरपाईचं ओझं आहे. आपल्याकडे ते कुणावर? ही उत्तरं लिहून ठराव केलात तर मी विरोध करणार नाही. पाठिंबा देईन असंही म्हणत नाहीये.

वर्धाकाठ

सईताई, एवढंही पुष्कळ आहे.

ताजी खबर. आज पंचनामा होता. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत अर्ज करायचा असतो, तो बाबांनी केला होता. तलाठी आले, कृषी सहायक आले. वनरक्षक आले नाहीत, दुसऱ्या बीटात वाघाने गाय मारली म्हणून तिकडे. त्यांचाही दोष नाही, एक माणूस कुठे कुठे पुरेल. तिघांच्या सह्या लागतात, त्यामुळे परवा पुन्हा. बाबांनी तोवर चर बुजवायचा नाही. तिथं आता सकाळी बगळे येऊन बसतात.

हा सगळा धागा मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. जर्मनीचं ऐकून हसले. परवानगी ग्रामसभेला दिली तर चालेल का विचारलं, तर म्हणाले, “परवानगी देशील रे, बंदूक कोण धरते? तुझा मामा?” मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले की आधी नाला साफ करा, डुकराला बसायला जागा राहिली नाही तर ते निम्मं जाईल.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे, मी जातोय. ठरावाचा मसुदा करतोय: नाल्यातली वेडी बाभूळ काढणे, सगळ्या शिवाराला मिळून एकच सोलर कुंपण, म्हणजे झटकाभाऊंचा तो शेवटचा शेतकरी राहणार नाही, आकडा टाकणाऱ्याला गावाने आवरणे, आणि त्यानंतर कलम ११ चा अर्ज गावाच्या नावाने, सईताईंच्या मोजदादीच्या अटींसह. कोरम भरवायची जबाबदारी आईने घेतलीय. तिचा बचतगट आहे, बायका आल्या की पुरुष बघायला येतात असं तिचं म्हणणं.

झटका_मशीन

बाभळीचा मुद्दा पहिला ठेवा. ते एक काम असं हाये की त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

निवृत्त_वनपाल

लागते. नाला महसूलचा आहे. तहसीलदारांच्या नावाने अर्ज करा, दोन प्रती, पोच घ्या.